टूथिलवाले अण्णा

विलायतेतल्या 'गॅम्बल अँड टूथिल' या मोटार कारखान्याचा इतिहास मला तोंडपाठ आहे. तोंडपाठ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. तो सगळा इतिहास मी तोंड उघडं ठेवून ऐकला, गालात कापसाचा बोळा आणि ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी अशा अवस्थेत. रत्नागिरीत बंदराच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या वयाच्या बहुतेकांची हीच गोष्ट आहे. त्या कारखान्याचं नाव मोटारींवरच्या जाड ग्रंथांतही सापडत नाही म्हणतात. आमच्या आळीत मात्र ज्याची ज्याची दाढ किडली, त्याला ते ठाऊक आहे.

सांगणारे होते डॉक्टर मुरलीधर शिवलकर, दंतवैद्य. गावाचे अण्णा. उंच, सडपातळ, चालताना थोडे पुढे झुकलेले. रोग्यांच्या तोंडात डोकावून डोकावून पाठीने तोच आकार धरला होता. मानेचं हाड वाढलेलं असल्यामुळे त्यांना मान वळवता येत नसे. मागून हाक मारली तर ते अख्खेच वळायचे, दीपगृहासारखे. नव्या माणसाला त्यात फार मोठा आदर दिसे.

"माझ्या आयुष्यात काळज्या दोनच," ते म्हणायचे. "दात हलता कामा नये आणि गाडी हलली पाहिजे."

दातांच्या बाबतीत त्यांचा हात चांगला होता. गाडीचं सांगतो.

गाडी म्हणजे टूथिल. पुढे पेटीएवढं बॉनेट, त्याला दोन पितळी दिवे, मधे दोघांपुरती कातडी बैठक, मागची चाकं फिरवायला सायकलला असते तशी पण मनगटाएवढी जाड चेन, आणि चाकं अशी की आधी बैलगाडीसाठी केली असावीत आणि मग मन बदललं असावं. कंपनीच्या नावात गॅम्बल आधी येतो, पण अण्णांनी त्याला कधीच वगळलं होतं. "दाताच्या डॉक्टरकडे टूथिल नाही तर काय असणार?" हा विनोद ते प्रत्येक नव्या रोग्याला सांगत. रोग्याला हसता येत नसे, पण त्याने अण्णांचं काही अडत नसे.

तर तो इतिहास असा. गॅम्बल हा धुतलेले कपडे पिळायची यंत्रं करणारा. दोन लाकडी रूळ, एक हँडल. हँडल फिरवलं की चादर एका बाजूने ओली आत जाते आणि दुसऱ्या बाजूने चपटी बाहेर येते. टूथिल हा त्याचा मेहुणा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आणि बिघडला की तोच दुरुस्त करणारा. एकदा कुणा श्रीमंताची मोटार यांच्या दुकानासमोर बंद पडली. टूथिलने ती दुरुस्त केली, पण पुरती समजल्याशिवाय परत द्यायला तयार होईना. श्रीमंत रागावून आगगाडीने गेला. मोटार परत न्यायला आला तेव्हा या मेहुण्यांनी तिच्या शेजारी आपली एक उभी केली होती. तिला पिळायच्या यंत्राचं हँडल होतं.

पुढे कारखाना निघाला आणि भांडणंही निघाली. गॅम्बलला गाड्या विकायच्या होत्या. टूथिलला त्या सुरात हव्या होत्या. तयार झालेल्या गाडीच्या बॉनेटला कान लावून तो बसायचा आणि म्हणायचा, "अजून नाही." गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं, आणि इंजिन पुन्हा सुटं होऊन टेबलावर. असा कारखाना जितका चालायचा तितकाच चालला. गॅम्बल पिळायच्या यंत्रांकडे परतला आणि त्याच्या गावचा नगराध्यक्ष झाला. टूथिल ऑर्गनकडे परतला आणि काहीच झाला नाही.

"गॅम्बल यशस्वी होता," असं अण्णा म्हणत, आणि 'यशस्वी' हा शब्द चिमट्यात धरून बाजूच्या वाटीत टाकत.

या इतिहासाचं मूळ साधन म्हणजे गाडीबरोबर आलेली एक लहान पुस्तिका. ती मी वाचली आहे. तेल कुठे घालावं, चेन कशी ताणावी, यापलीकडे तीत फारसं काही नाही. पण अण्णांनी माझी अक्कलदाढ काढली त्या दिवशी टूथिलची बायको केक घेऊन कारखान्यात आली आणि तिने दोघांचं भांडण मिटवलं. पुढे आमच्या आळीतल्या एकाच्या दाताचं मूळ साफ करायला बऱ्याच बैठका लागल्या, तेव्हा तिला माहेर, एक भाऊ आणि कुत्रा मिळाला. मी निवृत्त प्राध्यापक, मराठीचा. संशय घेणं हा माझा धंदाच. एकदा बोळा निघाल्या निघाल्या मी विचारलं, "अण्णा, यातलं खरं किती?"

"दाढ काढताना दुखलं तुला?"

"नाही."

"मग खरं."

गाडी रत्नागिरीत कशी आली, याबद्दल मात्र त्यांनी कधी पदरचं काही घातलं नाही. अण्णांचे आजोबा टंडेल, म्हणजे गलबताचे कप्तान. मुंबईला माल नेत, तिथून कौलं आणत. मुंबईत एक गोरा इंजिनीयर देश सोडताना सामान काढत होता, त्यात आजोबांनी ही गाडी पाहिली. तिच्यातून हिंडावं असा विचार त्यांना शिवलाही नाही. त्यांनी पाहिलं ते इंजिन. कौलांच्या राशीत काथ्या भरून त्यावर गाडी बसवली, गलबतातून आणली आणि मांडवीच्या वाळूत तिला दोर बांधून तिच्याकडून होड्या वर ओढून घेतल्या. पुष्कळ वर्षं टूथिलने हेच काम केलं. कुणी बड्या माणसाने तिच्यात पाय ठेवल्याची नोंद नाही.

आमच्या गावाला हे पटत नसे. रत्नागिरीत एका परदेशी राजाला कैदेत ठेवलं होतं, त्याचा राजवाडा अजून उभा आहे. त्यामुळे इथली कुठलीही जुनी वस्तू राजाची असते. कुणाकडे डुगडुगती खुर्ची असते, ती राजवाड्यातली. पारा उडालेला आरसा, राणीचा. माझ्या ओळखीच्या एका घरी राजाचा अडकित्ता आहे, आणि तो राजा सुपारी खात होता की नाही हे कुणी विचारलेलं नाही. एवढ्या वस्तू राजाने खरोखर वापरल्या असत्या, तर त्याला कैदेत दुसरं काही करायला फुरसत मिळाली नसती. साहजिकच टूथिलही राजाची ठरली होती. रस्त्यात लोक पोरांना दाखवत, "ती बघ, राजाची गाडी." अण्णा ब्रेक लावत, खाली उतरत, अख्खे वळत आणि सांगत, "राजाची नव्हे. होड्या ओढायची." पोरांचा विरस होई.

मला वाटतं, होड्या ओढल्याचा त्यांना जितका अभिमान होता, तितका अनेकांना राजघराण्याचाही नसतो.

गावाचे घोटाळे एवढ्यावर थांबत नव्हते. एकदा सावर्ड्याकडचा एक शेतकरी गृहस्थ दवाखान्यात आला. मी बाकावर बसलेलो होतो. त्याने गालावर हात ठेवून सांगितलं, "डॉक्टरानू, मला ती टूथील बसवा."

अण्णा चमकले. "काय बसवू?"

"टूथील. आमच्या गावातला एकजण म्हनत व्हता, डॉक्टरांची टूथील लय जुनी हाय, पन आजून चालते. मला तसलीच पायजे. ती नवीन पांढरी नको, ती मोडते."

दुसरा कुणी हसला असता. अण्णांनी त्याचा दात बघितला, औषध भरलं आणि मग त्याला टूथिलमध्ये बसवून एस.टी. स्टँडवर सोडलं. "बसवा म्हणाला, बसवला," ते परत येऊन मला म्हणाले. त्या गृहस्थाने पुढे सावर्ड्याहून इतके रोगी पाठवले की दवाखान्यात एक बाक वाढवावा लागला. त्यांतले अर्धेजण दात दाखवून झाल्यावर उठत नसत. स्टँडवर कधी सोडणार, याची वाट बघत.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, कारण टूथिल गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नसे. आमच्याकडे कामाला हात घालताना ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला मोठ्याने सगळी परिस्थिती सांगतो आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' असा रुकार देतात. अण्णा देवळात फारसे जाणारे नव्हते. पण हँडल मारताना इंजिन उलटा झटका देतं आणि त्यात मनगट मोडतं. दाताच्या डॉक्टरला मनगट गेलं की सगळं गेलं. तेव्हा त्यांनी गाऱ्हाणं ठेवलं, फक्त देव बदलले. गाडीपुढे उभे राहून, टोपी काढून, एरवी शुद्ध बोलणारे अण्णा आजोबांच्या बोलीत सुरू होत:

"बा गॅम्बला, बा टूथिला, विलायतेच्या म्हाराजानू..."

"व्हय म्हाराजा!" हे समोरच्या गॅरेजातून रफिक, त्याची गिऱ्हाइकं, आणि कोळंबीची पाटी उतरवून ठेवलेली एखादी मावशी.

"तुमी कपडे पिळायची यंत्रा केलात, ती चालली. मग तुमी मोटारी केलात, तो धंदो काय चालला नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"पन गाडी चालली. ता आमचा नशीब!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरानं हँडलाला हात घातलान हाय. त्याचा मनगट सांभाळा, ठिणगी येळेवर पाडा, आनि काय चुकला-माकला आसंल ता पोटात घाला, म्हाराजानू..."

"व्हय म्हाराजा!"

आणि हँडल फिरे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एका बाजूला हाताची घडी घालून उभा होतो. लोकमानसातलं यंत्राचं दैवतीकरण, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. अण्णा हँडल धरून थांबले. "प्रोफेसर, तू गप्प आहेस म्हणून ही सुरू होत नाहीये." मी पुटपुटलो. "मोठ्याने. त्यांना विलायतेत ऐकू जायला हवं." मी मोठ्याने म्हणालो आणि गाडी सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, असं माझं मत आजही आहे. पण नंतर मी कधी गप्प राहिलो नाही.

थाटामाटाशी अण्णांचं भांडण नव्हतं. ते त्याला फक्त कामाला लावत. गावातल्या एका संस्थेच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांची मिरवणूक टूथिलमधून काढायचं ठरलं. पाहुणे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले. गाडीवर इतके हार की रेडिएटर दिसेना; अण्णांनी ते सगळे काढून पाहुण्यांच्या मांडीवर ठेवले, कारण रेडिएटरला वारा लागतो आणि पाहुण्यांना तो नसला तरी चालतो. मग त्यांनी पाहुण्यांना डाव्या हाताकडचा पितळी पंप दाखवला. टूथिलमध्ये इंजिनाला तेल आपोआप जात नाही. शेजारी बसणाऱ्याने अधूनमधून तो पंप दाबायचा असतो.

"मी?" पाहुणे म्हणाले.

"टूथिलसाहेबांनी तशीच व्यवस्था केलीय. फुकट बसणारा माणूस त्यांना मान्य नव्हता."

त्या दिवशी बाजारपेठेने एक थोर दृश्य पाहिलं. माणूस एका हाताने जनतेला नमस्कार करतो आहे आणि दुसऱ्या हाताने पंप दाबतो आहे. पंपाकडे लक्ष गेलं की नमस्कार राहतो, नमस्काराकडे गेलं की अण्णा ओरडतात, "साहेब, तेल!" शेवटी पाहुण्यांनी नमस्कार सोडून दिला. मंडपात पोचले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बाहीवर काळा ओघळ होता आणि चेहऱ्यावर, मला कबूल केलं पाहिजे, खराखुरा आनंद. आभार मानताना अण्णा एवढंच म्हणाले, "आजवर या गावात पुष्कळ पाहुणे आले. येताना काम केलेले हे पहिलेच." टाळ्या सर्वांत आधी पाहुण्यांनी वाजवल्या.

या गाडीची हाव गणपतीपुळ्याच्या प्रकाशशेठना सुटली, त्यात नवल नव्हतं. शेठचं समुद्राकाठी मोठं रिसॉर्ट होतं आणि ते आणखी मोठं होत होतं. दाराशी सिमेंटचे हत्ती होते, आत सिमेंटचे मावळे होते. आता मधल्या दालनात काहीतरी राजेशाही हवं होतं. शेठ माणूस वाईट नव्हे. त्यांना फक्त रिकामी जागा बघवत नसे.

त्यांनी नेमकी वेळ साधली. अण्णांनी दवाखाना बंद करत आणला होता. पुण्यातली त्यांची मुलगी अण्णांना आणि वहिनींना तिकडे बोलावत होती, आणि तिच्या सोसायटीत टूथिलला जागा नव्हती. वहिनींचा जीव तर कधीच टांगणीला लागलेला. "भावजी," त्या मला म्हणाल्या, "माझ्या वरातीला हीच गाडी होती. वाटेत बंद पडली, मी शालू खोचून ढकललीय. माझं काय वैर आहे तिच्याशी? पण एक दिवस हे हँडलाजवळच पडतील आणि मी माडीवर असेन."

प्रकाशशेठ ओटीवर बसले. चहा झाला. ते म्हणाले, "अण्णा, तुमची गाडी काचेच्या खोलीत ठेवतो. खाली लाल गालिचा, वर झुंबर. धूळ बसायची नाही. बोर्डसुद्धा लिहायला टाकलाय. 'राजेसाहेबांची मोटार.'"

"राजाची नाही ती. होड्या ओढायची."

"अहो, होड्या बघायला कोण येतंय? बाहेर समुद्रात आहेतच की."

"आणि चालवणार कोण?"

"चालवायची कशाला? ठेवायची."

अण्णा अख्खे वळून वहिनींकडे पाहू लागले. मग म्हणाले, "शेठ, चालत नाही ती मोटार नव्हे, फर्निचर. तरी एक अट घालतो. तुमच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मी टूथिल घेऊन येतो. रत्नागिरी ते गणपतीपुळे, समुद्राकडच्या रस्त्याने, स्वतःच्या चाकांवर. वाटेत ओढावी लागली तर तिथूनच ती तुमची. फुकट. राजाची म्हणा, राणीची म्हणा. आणि पोचली तर ती माझ्याबरोबर घरी येईल, माझ्याच गावात राहील, मीही राहीन, आणि तुमच्या भिंतीवर मी सांगेन तो बोर्ड लागेल."

"चढ आहेत हो त्या रस्त्याला," शेठ हसून म्हणाले.

"म्हणून तर तुम्ही हो म्हणाल."

शेठ हो म्हणाले. वहिनी कप उचलून आत गेल्या. नंतर कळलं की पुण्याला फोन करून त्यांनी मुलीला सांगितलं, "पोचले तर यायचं नाही, असं ठरलंय," आणि मुलगी म्हणाली, "आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?" त्यावर वहिनींनी फोन ठेवला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पंपावर मी. मला त्याच संध्याकाळी मुंबईला आणि तिथून मुलाकडे परदेशी जायचं होतं, म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत यायचं कबूल केलं होतं. परतायला मागे रफिकची रिक्षा होतीच. रिक्षामागे प्रकाशशेठचा टेम्पो. त्यात दोर आणि 'राजेसाहेबांची मोटार' हा रंगवून तयार बोर्ड. टेम्पोवाला इतक्या शांतपणे मागून येत होता की अंत्ययात्रेला आल्यासारखं वाटावं. सर्वांत पुढे शेठची पांढरी गाडी, तिच्या खिडकीतून बाहेर आलेला कॅमेरेवाला.

काही म्हणा, ती सकाळ झकास होती. सुरूच्या झाडांतून ऊन येत होतं, एका बाजूला समुद्र, आणि टूथिल आपल्या एकाच सिलिंडरवर टक टक करत चालली होती. अण्णा किंचित पुढे झुकून ऐकत होते. "सुरात आहे," ते म्हणाले. वाटेतली माणसं, "राजाची गाडी, राजाची गाडी" म्हणून धावत आली. अण्णांनी पहिल्यांदाच ब्रेक लावला नाही. "येताना सांगू," म्हणाले.

आरे-वाऱ्याच्या चढाशी आलो. तिथे रस्ता वाळू सोडून एकदम डोंगराच्या अंगावर जातो. टूथिलने नाक वर केलं, थोडी चढली, उचकी दिली आणि गप्प झाली. अण्णांनी ब्रेकवर ती सावकाश खाली सपाटीवर येऊ दिली. मी उतरलो, गाडीवरचं माझं वजन कमी केलं. गाऱ्हाणं झालं, हँडल झालं, पुन्हा चढली. त्याच जागी उचकी, त्याच जागी गप्प.

रफिकने बॉनेट उघडलं. "डॉक्टर, पेट्रोल हाय, पन इंजिनात येत नाय."

शेठ आपल्या गाडीतून उतरले होते. टेम्पोवाल्याने दोर खाली टाकला. त्या दोराचा रस्त्यावर पडल्याचा आवाज मला आवडला नाही. शेठनाही आवडला नसावा, कारण ते नेहमीपेक्षा हळू बोलले. "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. लावू या?"

अण्णा बैठकीवर बसून समोर बघत होते. दाताचा फोटो उजेडात धरून बघत तसे. मग त्यांनी आपल्या बुडाखालच्या लाकडावर थाप मारली. "टाकी इथे. इंजिन तिथे. मधे पंप नाही, पेट्रोल आपलं उताराने जातं. नाक वर केलं की इंजिन वर आणि टाकी खाली. जाणार कसं? रफिक, चूक गाडीची नाही रे. आपण तिला उलटं चढवतोय."

"म्हंजे?"

"म्हणजे सुलटं चढवायचं." त्यांनी सपाटीवर गाडी वळवली. आता तिचं तोंड रत्नागिरीकडे, आमच्याकडे, आणि पाठ चढाकडे होती. "रिव्हर्सला जोरही सगळ्यांत जास्त. टाकी वर, इंजिन खाली. आता जाईल की पेट्रोल."

शेठ म्हणाले, "अहो, उलट्या गाडीने गणपतीपुळ्याला येणार?"

"स्वतःच्या चाकांवर, एवढंच ठरलं होतं. तोंड कुठे करायचं ते अटीत नव्हतं, शेठ."

प्रश्न एकच होता. अण्णांची मान वळत नव्हती, आणि मागे बघितल्याशिवाय वळणाचा रस्ता दिसणार कसा? "चढापुरतं तेल दाबून झालंय. तुम्ही तिघे खाली उभे राहा," अण्णा म्हणाले. "मी तुमच्याकडे बघतो, तुम्ही रस्त्याकडे बघा. जिकडे हात कराल तिकडे नेतो." 'तिघे' म्हणताना त्यांनी शेठना धरलं होतं. शेठनी इकडेतिकडे पाहिलं, आणि ते आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. टेम्पोवाला आपणहून वर धावत गेला, येणाऱ्या गाड्या थांबवायला.

पुढचं सगळं मला फोनवरून कळलं, ते आधीच सांगून टाकतो. टूथिल पोचली. माथ्यावर जाऊन तिने तोंड फिरवलं आणि बाकीचा रस्ता सरळ केला. पुढच्या प्रत्येक चढाला पुन्हा पाठ दाखवली. फीत कापायला आलेले पाहुणे फीत सोडून गाडीभोवती जमले. शेठनी शब्द पाळला. त्यांच्या भिंतीवर आज टूथिलचा मोठा फोटो आणि अण्णांनी सांगितलेला बोर्ड आहे: 'गॅम्बल आणि टूथिल यांनी केलेली मोटार. हिने मांडवीला होड्या ओढल्या. कुठल्याही राजाचा हिच्याशी संबंध नाही.' पर्यटक त्यातला 'राजा' एवढाच शब्द वाचतात आणि कुठला राजा म्हणून विचारतात, ही गोष्ट वेगळी. अण्णा-वहिनी पुण्याला गेले नाहीत. मी परदेशात असतानाच, एका दुपारी दवाखान्यातल्या रोग्याच्या खुर्चीत डुलकी घेता घेता अण्णा गेले. टूथिल आता रफिक चालवतो. पंपावर वहिनी असतात, आणि त्यांच्या हाताखाली तेल कधी कमी पडत नाही, असं रफिक सांगतो.

म्हणजे त्या चढावर मी अण्णांना पाहिलं ते शेवटचं. एखाद्या माणसाबद्दल लिहून झालं की शेवटी तो पाठमोरा होऊन दूर जाताना दाखवायचा, अशी आमच्या लिहिणाऱ्यांत पद्धत आहे. वर्गात मी ती पुष्कळ वाखाणली. अण्णांच्या बाबतीत मला ती सोय नाही. ते गेले ते आमच्याकडे तोंड करून.

इंजिन आमच्याकडे बघून टकटकत होतं, पितळी दिव्यांत आमच्या मागचा समुद्र चमकत होता, आणि अण्णा स्टीअरिंग धरून, ताठ बसून, आमच्यावर नजर ठेवून वर वर चालले होते. उचकीची जागा आली. गेली. "डावा, डावा!" रफिक ओरडला. "उजवीकडे घ्या अण्णा, खड्डा आहे, उजवीकडे!" हा आवाज प्रकाशशेठचा होता, आणि तो सगळ्यांत मोठा होता. अण्णा आमच्या हातांकडे बघून गाडी वळवत होते आणि हसत होते. अंतर वाढलं तसे आमचे शब्द पोचेनात. मग आम्ही नुसतेच हात करू लागलो, आणि ते लहान लहान होत गेले तसे आमचे हात मोठे मोठे होत गेले. शेवटच्या वळणावर आम्ही तिघेही टाचा उंचावून दोन्ही हात डोक्यावर हलवत होतो.

रस्त्याने जाणाऱ्या एका एस.टी.तली माणसं खिडकीतून बघत होती. कुणाला तरी निरोप देतायत, असं त्यांना वाटलं असणार. आम्ही अण्णांना फक्त थोडं डावीकडे घ्यायला सांगत होतो.